ताटावरचा आडवा हात

आमच्या मिरजेच्या घरात नकार हा होकाराचा पहिला भाग मानला जाई. पाहुणा जेवायला बसला, आईने पोळी पुढे केली की त्याने ‘नको, नको, पुरे’ म्हणायचे. ते ऐकूच आले नाही अशा चेहऱ्याने आईने वाढायचे. त्याने ‘अहो वहिनी, काय हे!’ म्हणत हसायचे, आणि मग कुठे जेवणाला खरी सुरुवात व्हायची. पहिल्याच विचारण्याला ‘हो, वाढा’ म्हणणारा माणूस आमच्याकडे हावरट ठरे, आणि पहिल्याच नकाराला मागे फिरणारी बाई चिक्कू. या दोन बदनाम्यांच्या मधून जाणारी चिंचोळी वाट मी फार लवकर शिकलो. दुसऱ्याच्या घरी लाडू पुढे आला की मी मान हलवायचो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बशी मागे जाते की पुढे येते ते पाहायचो. ती नेहमी पुढेच यायची. बालपणाच्या आठवणीने आज मला जे सुख होते, त्यातले बरेचसे या खात्रीचे आहे: आपण नको म्हटले तरी कोणीतरी पुन्हा विचारील.

हीच खात्री सामानात बांधून मी पंचविशीत डब्लिनला आलो. क्लोनडॉकिनच्या जुन्या दगडी मनोऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर एकसारख्या घरांची एक रांग होती. तिच्यातले एक घर मी आणि सुहासने भाड्याने घेतले होते. सुहास नागपूरचा, सरकारी इस्पितळात डॉक्टर. दमून येई तेव्हाही त्याची जीभ दमलेली नसे. घर लहान आणि भिंती पातळ होत्या. सकाळी बॉयलर घोरत जागा होई, टपाल टाकायच्या फटीतून वारा शीळ घाली, आणि स्वयंपाकघरातल्या प्रेसचे (भिंतीतल्या कपाटाला तिथे प्रेस म्हणतात) दार आपोआप उघडून पुन्हा बंद होई. त्या उन्हाळ्यात या आवाजांत आणखी एका आवाजाची भर पडली. आई आली होती. वडिलांना शाळेतून रजा मिळाली नाही, म्हणून ती एकटीच विमानातून उतरली. पिशवीत ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि स्वतःचे लाटणे, कारण ‘तिकडचं लाटणं कसलं असतंय कुणास ठाऊक’. संध्याकाळी ती भाकरी थापायला लागली की शेजारच्या ब्रीडाबाईंच्या बैठकीपर्यंत तो नाद जाई. एकदा त्यांनी मला फाटकाशी गाठून विचारले, “तुझी आई रोज या वेळी टाळ्या कोणासाठी वाजवते रे?”

ब्रीडाबाईंच्या परसात रुबार्ब माजला होता. लाल, जाड देठांची ती आंबट पालेभाजी. इथले लोक तिला साखर घालून शिजवतात. भिंतीवरून त्या आईला म्हणाल्या, “हेल्प युवरसेल्फ, लव्ह!” मी मराठीत सांगितले, “हवी तेवढी घ्या म्हणतायत.”

“एकदा म्हणली व्हय?” आई म्हणाली. “मग ऱ्हाऊ दे.”

दुसऱ्या दिवशी ब्रीडाबाईंनी पुन्हा सांगितले. आईने पुन्हा मान हलवली. त्यानंतर त्यांनी स्वतःच एक जुडी कापून भिंतीवर ठेवली, तेव्हा आईचा चेहरा उजळला. “आता कसं! मनापासनं द्यायचं म्हंजे असं.” त्या देठांची तिने लसूण आणि शेंगदाणे घालून थेट अंबाडीसारखी भाजी केली आणि वाटीभर शेजारी नेऊन दिली. ब्रीडाबाई दारात उभ्या राहून इतक्या वेळा नको-नको म्हणाल्या, आणि शेवटी वाटी अशी घट्ट धरून आत गेल्या, की परत येताना आई म्हणाली, “ही बाई आपल्यातलीच हाय रं.”

आईला ठाऊक नव्हते की ‘हेल्प युवरसेल्फ’ या दोन शब्दांभोवती त्याच दिवसांत माझी नोकरी फिरू लागली होती. आमची कंपनी संगणकाच्या प्रोग्रॅममधली इंग्रजी वाक्ये युरोपातल्या निरनिराळ्या भाषांत आणून देई. बिझनेस पार्कातल्या एका लांबलचक खोलीत डेन्मार्कच्या शेजारी ग्रीस बसे, फिनलंडच्या पाठीला पोर्तुगाल. मी इंजिनीअर, प्रोग्रॅममधून वाक्ये बाहेर काढून भाषांतरकारांना द्यायची आणि भाषांतरे पुन्हा आपापल्या जागी बसवायची, हे माझे काम. माझ्या वाट्याला स्लोव्हाक भाषा आली होती, म्हणजे झुझाना आली होती.

झुझाना लिप्टोव्ह नावाच्या डोंगरखोऱ्यातली. केसांचा बुचडा ती पेन्सिलीने अडकवी आणि सफरचंद खाताना फक्त देठ शिल्लक ठेवी. सगळे भाषांतरकार वाक्ये वाचत; ती वाक्यांची उलटतपासणी घेई. “कोण बोलतंय? कोणाशी? उभं राहून की बसून?” असे ती विचारी, आणि माझ्याकडे उत्तर नसे, कारण आमच्या धंद्यात वाक्ये येत ती उपटलेल्या रोपांसारखी, मुळाची माती झाडून. शिवाय एक इंग्रजी वाक्य पुन्हा आले तर ते पुन्हा भाषांतराला द्यायचे नाही, पहिलेच भाषांतर सगळीकडे चिकटवायचे, अशी त्या धंद्याची रीत होती. वेळ वाचतो म्हणून सर्वांना ती पसंत होती. मलाही होती.

त्या वर्षी स्लोव्हाकियातल्या एका हॉटेलसाठी काम चालले होते. न्याहारीच्या टेबलापासून स्वागतकक्षापर्यंत जागोजागी छोटे स्क्रीन बसवायचे होते आणि पाहुण्यांना काय करावे ते त्यांनी सांगायचे होते. ‘हेल्प युवरसेल्फ’ हे वाक्य झुझानाला पहिल्यांदा भेटले ते यंत्र बिघडले तर काय करावे या पानावर. तिथे त्याचा अर्थ होता: तुमची अडचण तुम्हीच सोडवा. तसे तिने लिहिले, आणि ते बरोबरच होते. पुढे रीतीप्रमाणे तेच भाषांतर हॉटेलभर पसरले. चाचणी सुरू झाल्यावर हॉटेलातून एक छायाचित्र आले. वाफाळत्या सूपचे मोठे भांडे, त्याच्यावर आमचा स्क्रीन, आणि स्क्रीनवर स्लोव्हाकमध्ये: ‘आता तुमचे तुम्हीच बघा.’ खाली हॉटेलवाल्यांनी एवढेच लिहिले होते: ‘पाहुणे विचारतात, सूपमध्ये आहे तरी काय?’

आमचा मॅनेजर डेक्लन हसून हसून खुर्चीत घसरला. झुझाना हसली नाही. तिने बुचड्यातली पेन्सिल काढली, केस खांद्यावर कोसळले, आणि ती मला म्हणाली, “हे वाक्य तोड. इंग्रजीत ते एक असेल. मी ते जितकी भांडी आहेत तितक्या वेळा लिहीन.”

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा कामाचा काळ होता, हे मी आज पन्नाशी उलटल्यावर पुरेशा विचाराने लिहीत आहे. मी हॉटेलाकडून एकेका स्क्रीनचे ठिकाण मागवी. ती त्या ठिकाणी मनाने जाऊन उभी राही. आणि दर वेळी मला विचारी, “तुमच्याकडे इथे काय म्हणतात?” तेव्हा माझ्या लक्षात येऊ लागले की मराठीतही या वाक्याला एक उत्तर नाही. ताटासमोर ‘घ्या ना’. अनोळख्याला ‘संकोच करू नका’. कोणी फोन वापरू का म्हणून विचारले तर ‘खुशाल’. हट्टाला पेटलेल्याला ‘कर काय करायचं ते’. ती सांगे की त्यांच्याकडे दार उघडून धरणारा, दुकानात विचारपूस करणारा आणि वाटी पुढे करणारा, तिघेही ‘नेख सा पाची’ म्हणतात, म्हणजे साधारण ‘आपल्याला आवडो’. परवानगी देताना ‘पोकोय्ने’, म्हणजे अक्षरशः ‘शांतपणे’. “म्हणजे आमचं खुशाल!” मी ओरडलो, आणि तिने टेबलावर असा हात मारला की डेन्मार्कने मागे वळून पाहिले. घरातल्या माणसाला मात्र ती ‘पोनूकनि सा’ म्हणते, हे तिने जरा हळू आवाजात सांगितले. त्याचा भाव जवळपास असा की, तुझा तूच स्वतःला आग्रह कर. त्या दिवशी परत येताना मी बसमध्ये तो शब्द ओठांत घोळवत दोन स्टॉप पुढे गेलो.

मग डेक्लनने मला बोलावले. सगळे स्क्रीन शेवटचे तपासण्यासाठी झुझाना हॉटेलात जाणार होती. तिच्याबरोबर एक इंजिनीअर पाठवायचा होता. “झुझानानं तुझं नाव सुचवलंय,” तो म्हणाला. “हॉटेल तिच्या गावाजवळच आहे म्हणे. जाशील का?”

माझ्या छातीत ढोल वाजू लागले. आणि माझे तोंड म्हणाले, “छे, छे, माझ्याहून अनुभवी लोक आहेत इथे. केव्हिनला विचारा ना.”

हे बोलून मी नेहमीप्रमाणे थांबलो. बशी पुढे येण्याची वाट पाहत थांबलो.

“ग्रँड,” डेक्लन म्हणाला, आणि त्याने केव्हिनला हाक मारली.

आयर्लंडमध्ये ‘ग्रँड’ म्हणजे ठीक, चालेल, मिटले. इतक्या मऊ शब्दाने इतके घट्ट दार लागलेले मी दुसरे पाहिलेले नाही. आणि गंमत अशी की याच डेक्लनला मी आईच्या चकल्या नेऊन दिल्या तेव्हा तो दोनदा नको म्हणाला होता आणि नंतर त्याने अर्धा डबा संपवला होता. चकलीच्या बाबतीत तो आयरिश होता. कामाच्या बाबतीत फक्त मॅनेजर.

झुझाना आपल्या जागेवरून सारे ऐकत होती. मी परत आलो तेव्हा स्क्रीनकडे पाहतच म्हणाली, “तू नाही म्हणालास.”

“हो. म्हणजे, तसं नाही…”

“मी आईला सांगून ठेवलं होतं. ती विचारत होती, भारतीय माणूस बटाटा खातो का.”

“खातो,” मी म्हणालो.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “आता त्याचा काही उपयोग नाही.”

तिला माझ्याबद्दल काय वाटते हे मला तोवर नेमके ठाऊक नव्हते, आणि मला तिच्याबद्दल काय वाटते हे मी कोणाला सांगितले नव्हते. पण तिच्या आईच्या टेबलाशी माझ्यासाठी एक खुर्ची मनात मांडली गेली होती, आणि ती मी नम्रतेने परत केली होती. नम्रता हा शब्द मी आज जपून वापरतो. कोणीतरी दुसऱ्यांदा विचारावे म्हणून पहिल्यांदा नको म्हणणे, यात किती नम्रता आणि किती अहंकार, हे मला अजून नीट तोलता आलेले नाही. माझी मुलगी, जिला मराठी पूर्ण समजते आणि जी उत्तर मात्र डब्लिनच्या इंग्रजीत देते, तिला हा प्रश्नच पडत नाही. “बाबा, हवंय की नकोय?” एवढेच ती विचारते, आणि उत्तर येण्याआधीच ताटली उचलून घेऊन जाते.

घरी सुहासला सांगितले तर त्याने कपाळावर हात मारला. “अबे, तुला कोणी श्रीखंड वाढून राहिलं होतं का? विमानाचं तिकीट होतं ते! नको काय म्हणतो!”

“सवयीनं गेलं तोंडातून.”

“मग जा, आणि सांग की सवयीनं गेलं.”

ते मला जमणारे नव्हते. एकदा नको म्हटल्यावर स्वतःहून हात पुढे करायचा? आमच्या घरात पाहुणा तसे करण्यापेक्षा उपाशी उठला असता.

त्या शनिवारी झुझाना आमच्याकडे यायची होती. ते आधीच ठरले होते. वाक्यांचे शेवटचे मसुदे खऱ्या भांड्यांसमोर उभे राहून बोलून पाहायचे, अशी तिची कल्पना होती, आणि तेव्हा उत्साहाच्या भरात मी म्हणालो होतो, माझ्या घरी ये, आई आली आहे, भांड्यांना तोटा नाही. मला वाटले ती आता येणार नाही. पण ती काम अर्धे टाकणाऱ्यांतली नव्हती. बरोबर वेळेवर आली, दारातच बूट काढले, आणि आई खूश झाली. “बघ, शिकवायला लागलं न्हाई.”

आमच्या स्वयंपाकघराचे आम्ही हॉटेल केले. सूपच्या जागी कट, सफरचंदांच्या टोपलीच्या जागी कांद्यांची. वापरायला ठेवलेल्या छत्र्यांच्या जागी सुहासची एकुलती एक छत्री, तिची एक काडी मोडलेली. झुझानाने प्रत्येक ठिकाणी चिकटवायला चिठ्ठ्या आणल्या होत्या. सुहास पाहुणा झाला. त्याने कॉलर ताठ केली आणि इंग्रजीत म्हणाला, “मी व्हिएन्नाहून आलोय, मला भूक लागलीय, आणि माझा स्वभाव वाईट आहे.”

“अगदी बरोबर,” झुझाना पहिल्यांदा हसली. “आता सूपकडे जा आणि मी काय म्हणते ते ऐक. नेख सा पाची. कसं वाटतं?”

“चांगलं वाटतं. घेऊ?”

तो पळीला हात लावणार तोच आईने ती त्याच्या हातातून काढून घेतली. “बस खाली. सोताच्या हातानं घ्यायला ही काय धर्मशाळा हाय?”

मी आईला समजावले की हे काम आहे, नाटक आहे, पाहुण्याने स्वतःच घ्यायचे आहे आणि तो स्क्रीन त्याला तसे सांगणार आहे. आईने शांतपणे ऐकून घेतले.

“म्हंजे हाटेलात वाढणारं कुणीच नसतंय?”

“नसतं.”

“आणि भिंतीवर लिवलेलं असतंय, तुमचं तुमी घ्या म्हणून?”

“हो.”

“आई गं,” आई म्हणाली. तिचे डोळे खरोखर भरून आले. “लोकं पैसं देऊन जात्यात व्हय तिथं?”

मी हे इंग्रजीत सांगितले तेव्हा झुझाना प्रेसला टेकून हसू लागली. प्रेसचे दार उघडले, आतल्या वाट्या वाजल्या, आणि ती हसतच राहिली. मग म्हणाली, “माझी आई अगदी हेच म्हणाली होती. एका हॉटेलात नोकरीला होते माझे काका. तिनं त्यांना विचारलं, तुमच्याकडे कोणाची आई नाही का?” आणि हसता हसता तिला काहीतरी सुचले. तिने सूपवरची चिठ्ठी काढून टाकली आणि नवी लिहिली. आता तिथला स्क्रीन ‘घ्या’ असे सांगणार नव्हता. तो म्हणणार होता, ‘आम्ही तुमच्यासाठी केले आहे.’ छत्रीपाशी ‘पोकोय्ने’ राहिले. सफरचंदांपाशी ‘पोनूकनिते सा’, घरातल्या शब्दाचे पाहुण्यांसाठीचे रूप. यंत्र बिघडले तर काय करावे त्या पानावर पहिले भाषांतर जसेच्या तसे राहिले, कारण यंत्र बिघडल्यावर खरोखर कोणीच येत नाही. एका तासात वाक्ये भराभर जागेवर बसत गेली, मी तिच्यामागे कागद घेऊन धावत होतो, सुहास एकामागून एक रागीट पाहुणे करत होता, आणि दोन दिवसांची ती कडू शांतता कुठे गेली ते मला कळलेही नाही.

मग आईने सर्वांना खाली बसवले. तिने त्या दिवशी चकोल्या केल्या होत्या. आमटीत सोडलेले कणकेचे तुकडे, वरून तूप. झुझानाने एक ताट संपवले. आई पातेले घेऊन आली.

“नको,” झुझाना म्हणाली. हा एक मराठी शब्द ती माझ्याकडून शिकली होती. माझ्याकडून दुसरे काय शिकणार?

आईने वाढले.

झुझाना ताटाकडे पाहत राहिली. “तिला विचार,” ती मला म्हणाली, “मी नको म्हटलं तरी मला हवं होतं, हे तिला कसं कळलं?”

मी विचारले. आईला प्रश्नच विचित्र वाटला. पातेले कमरेवर घेऊन ती म्हणाली, “तोंडानं म्हणत्यात ते नको नसतंय गं पोरी. खरंच नको असलं म्हंजे माणूस ताटावर हात आडवा धरतंय. हात आडवा आला की थांबायचं.”

“धरलेल्या हाताच्या बोटांमधून पण वाढतात काकू,” सुहास म्हणाला. “मी डॉक्टर आहे, मी जखमा पाहिल्यात.”

“तू गप जेव,” आई म्हणाली.

मी झुझानाला आईचे बोलणे इंग्रजीत सांगितले. सांगता सांगता माझा आवाज हळू होत गेला. ती ऐकत होती, पण पाहत होती माझ्याकडे, नंतर चमचा खाली ठेवून तिने मला त्याच टेबलाशी, आई पातेले घेऊन उभी असताना आणि सुहास चकोल्या गिळत असताना, विचारले, “मिलिंद, माझ्या घरी येशील?”

मी लिहितो आहे ते खरे आहे, आणि मला ते लिहिताना आजही घाम फुटतो. मी म्हणालो, “पण आता केव्हिन जाणार आहे, डेक्लनला पुन्हा कशाला त्रास, तुझ्या आईलाही उगाच, आणि मला तिथली भाषा…”

ती माझे ऐकतच नव्हती. ती थोडी पुढे वाकून माझ्या ताटाकडे पाहत होती. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

“हात कुठे आहे?” ती म्हणाली.

सुहासने जेवण थांबवले. “भाऊ,” तो मराठीत म्हणाला, “आता जर तो हात वर आणला तर मीच तोडीन.”

“काय म्हणतीया?” आईने विचारले.

“तिच्या आईकडं ये म्हणतेय,” मी म्हणालो.

आईने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मग तिने माझ्या ताटात एक पळी वाढली, आणि झुझानाच्या ताटात आणखी एक.

सोमवारी झुझानाच डेक्लनसमोर जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे. “मिलिंद येतोय,” ती म्हणाली.

“पण यानंच तर नाही म्हटलं होतं!”

“तोंडानं म्हटलं होतं.”

डेक्लनने माझ्याकडे पाहिले. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ओळख पसरली, जणू त्याला स्वतःच्या घरातले कोणी माझ्यात दिसत होते. “माझी सासू चहाला असंच करते,” तो म्हणाला. “अरे देवा, मी तुला एकदाच विचारलं का?” आणि येत्या शनिवारी केव्हिनच्या गावाची मॅच होती, त्यामुळे तो तर सुटल्यासारखा टेबलावर ताल धरू लागला. पण मी त्याच्याकडे पाहत नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून बोललो. “मला जायचंय,” मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला इतका मोठा वाटला की डेन्मार्क पुन्हा वळेल असे वाटले.

विमानात मी स्वतःशी एक निश्चय केला. आता नको म्हणायचे नाही. हॉटेलातले काम मजेत पार पडले. सूपसमोर एक म्हातारे गृहस्थ स्क्रीन वाचून हसले आणि त्यांनी वाटी पुढे केली, तेव्हा झुझानाने माझी बाही घट्ट धरली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. लाकडी घर, मागे डोंगर, दारात माझ्यासाठी काढून ठेवलेल्या लोकरी चपला. तिच्या आई ठेंगण्या, गालांवर चुलीची लाली. त्यांना इंग्रजी येत नव्हते. टेबलावर हालुश्की होत्या, किसलेल्या बटाट्याच्या पिठाचे उकडलेले तुकडे, मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये घोळलेले. मला वाटले, चकोल्यांची ही मावसबहीणच. मांसाचे तुकडे माझ्यामुळे वेगळ्या वाटीत ठेवले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून तो शब्द उच्चारला, घरातल्या माणसाचा: “पोनूकनि सा.”

“हो, धन्यवाद,” मी पाठ केलेल्या स्लोव्हाकमध्ये ताबडतोब म्हणालो आणि डाव उचलून भरपूर वाढून घेतले.

झुझानाच्या आईंचा हात हवेतच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी ओळखले. कोणी पहिल्याच खेपेला हो म्हटले की माझ्या आईच्या चेहऱ्यावरही नेमके तेच उमटे. इतका आग्रह साठवून ठेवला होता, आता त्याचे करायचे काय? टेबलाखालून माझ्या पायावर लोकरी चपलेची लाथ बसली.

“एवढ्या लवकर?” झुझाना इंग्रजीत कुजबुजली. “तिला काहीतरी करायला ठेव की!”

आजही, डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनमधल्या आमच्या घरात पाहुणे जेवायला बसले की ती मला तसाच पाय लावते, कधी माझे नको थांबवण्यासाठी, कधी माझे हो.

मी ताट संपवले. तिच्या आई पुन्हा डाव घेऊन उभ्या राहिल्या. “दाय सि एश्त्ये,” त्या म्हणाल्या. आणखी घे.

“नको, नको,” मी म्हणालो. घाईत ते मराठीतच आले. मराठी त्यांना येत नव्हते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलेच नाही. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिले. माझे दोन्ही हात टेबलाखाली होते, एक माझ्या गुडघ्यावर आणि एक झुझानाच्या हातात. ताट उघडे होते.

त्या वाढू लागल्या.